बालाघाटातली तांबडी रेघ

येडशीहून रामलिंगकडे उतरणारे बहुतेक जण माकडं, पावसाळ्यातला धबधबा आणि दरीतलं मंदिर पाहून परततात. १९९७ साली अभयारण्य झालेलं हे जंगल मराठवाड्याच्या उघड्या मुलखात मोलाचं आहेच. पण मला बालाघाटच्या या भागात सर्वांत देखणी वाटते ती काळ्या खडकाच्या अंगावरून आडवी जाणारी तांबडी रेघ. घाटाच्या कापात, ओढ्याच्या काठावर, विहिरीच्या कडेला ती भेटते. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. विहीर खोदणारे तिला गेरू म्हणतात, भूवैज्ञानिक लाल बोल.

लांबून ती वालुकाश्मासारखी दिसते. रंग तोच, आडवा थरही तसाच. मात्र चिमूटभर चुरा बोटांत चोळला तर वाळूची करकर जाणवत नाही आणि पाणी लावलं की तो चिकटतो. ही चिकणमाती आहे. नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा खरा तांबडा वालुकाश्म पाहायचा तर विदर्भात, कामठी-चंद्रपूरच्या गोंडवन थरांकडे जावं लागेल. येडशीचा सगळा डोंगर लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत राहिला आणि एकावर एक थर साचले. आज त्यांनी दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

तांबडी रेघ या थरांच्या मधली. एक उद्रेक थांबे, दुसऱ्याला अवकाश असे. तेवढ्यात ऊन-पाऊस आपलं काम करत. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर. हवा-पाण्याने ते गंजलं, खडक कुजून माती झाली आणि मातीला हेमॅटाइटचा रंग चढला. काही ठिकाणचा बोल मात्र अशा जुन्या जमिनीचा नसून ज्वालामुखीच्या राखेचा आहे, असं अभ्यासकांचं मत आहे. दोन्ही घडलं असावं, असं मला वाटतं. प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे वाचायला हवी. मग हजार अंशांहून तप्त नवा लाव्हा त्यावर पसरला. म्हणून रेघेची वरची कड नीट पाहावी. तिथला रंग अनेकदा अधिक गडद असतो, माती कडक झालेली असते, भट्टीतल्या विटेसारखी. खालची कड बहुधा अशी ठाशीव नसते. लाल माती हळूहळू मुरमात आणि मुरूम खडकात मिसळत जातो. वर तुटक, खाली सावकाश. एवढ्या फरकावरून कोण आधी आणि कोण नंतर, हे कळतं. मला या कड्यातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

रेघेखाली कधी कधी आणखी एक चकवा असतो. तांबूस, सच्छिद्र तुकड्यांचा गच्च राडा. पाहणारा चटकन पिंडाश्म म्हणेल. पिंडाश्मातले गोटे पाण्याने घासून गोल झालेले असतात. इथले तुकडे टोकदार, वेडेवाकडे. लाव्ह्याचा पृष्ठभाग थिजला, आतला प्रवाह मात्र पुढे सरकत राहिला, त्या ओढाताणीत वरची साय फुटली आणि तुकडे तिथेच पुन्हा चिकटले. छिद्रांत नंतर पांढरी खनिजं भरली. हातात घेतलेल्या खड्याच्या कडा गोल की धारदार, एवढं पाहिलं तरी नदी आणि ज्वालामुखी यांत गल्लत होत नाही.

या रेघेचं पाण्याशी जुनं नातं आहे. भेगांच्या आणि सच्छिद्र खडकातून पाणी खाली झिरपतं, फुगलेल्या चिकणमातीपाशी अडतं आणि वाट मिळेल तिथे बाजूने पाझरतं. डोंगरउतारावरचे कितीतरी झरे असे लाल थराच्या डोक्यावर फुटतात. जखमी जटायू रामलिंगला पडला, ही इथली श्रद्धा. त्याच्या कथेत तहान आणि पाणी येतं, याचं मला नवल वाटत नाही. दुष्काळ सोसलेल्या या मुलखाने पाझराच्या जागा पावन मानल्या, यात मोठी समज आहे.

लाव्ह्याच्या तळाशी काय आहे, हेही याच परिसरात दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं गेलं. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर जेमतेम आठ मीटर गाळाचे थर लागले आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक. वालुकाश्माच्या कुळातलं जे काही या भागात आहे, ते असं खोल गाडलेलं आहे. आपल्या नजरेच्या टप्प्यात आहे ती तांबडी रेघच.

रस्ते रुंद होताना नवे काप उघडतात आणि काही ठिकाणी लगेच सिमेंटने लिंपले जातात. सुरक्षेसाठी ते आवश्यक असेल तिथे करावंच. पण धोका नसलेला एखादा काप उघडा ठेवावा, शेजारी माहितीची पाटी लावावी. धाराशिव-लातूरच्या शाळांच्या सहली रामलिंगला येतातच. गुरुजींनी मुलांना मंदिरानंतर दहा मिनिटं त्या रेघेपाशी उभं करावं आणि तिची वरची कड आधी दाखवावी.