शाळेच्या बँडला खरं संगीत हवं

अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या बँडसाठी अलीकडे छापल्या जाणाऱ्या ग्रेड वन आणि ग्रेड टूच्या, म्हणजे सोप्या पायऱ्यांच्या, रचना सलग ऐकत गेलं, तर थोड्याच वेळात कोणती कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली हे कळेनासं होतं. नावं तेवढी वेगळी: वादळं, ज्वालामुखी, ड्रॅगन, हरवलेली शहरं. आत एकच साचा. सुरुवातीला टिंपनी आणि टॉमटॉमचा दणका, मग कोमल गंधाराच्या मायनर स्केलमधली ट्रम्पेटची ललकारी, मध्ये थोडा संथ भाग, पुन्हा पहिलाच भाग आणि शेवटी झांजेसकट सगळ्यांचा एक जोरकस सूर. हे संगीत सोपं आहे याबद्दल तक्रार नाही. ते सोपं असायलाच हवं. तक्रार अशी की त्यात शोधण्यासारखं काही नाही, आणि मुलं मात्र ते दोन-दोन महिने घोटतात. वर्षाला दोन-तीन कार्यक्रम, प्रत्येकात तीन-चार रचना. सहावीत वाद्य हाती घेतलेलं मूल आठवीतून बाहेर पडेपर्यंत फार तर पस्तीस-छत्तीस रचना वाजवतं. पुढे अनेकांचं वाद्य सुटतं. म्हणजे वाजवता वाजवता संगीत कळण्याची त्यांची संधी एवढीच, आणि तीच आपण साच्यातल्या मालावर खर्च करतो.

नवशिक्यांच्या मर्यादा खऱ्या आहेत. बहुतेक मेथड बुकं बी फ्लॅटला सा धरून सा ते प या पाच स्वरांनी सुरू होतात. त्यातला दुसराच स्वर, सी, ट्रम्बोनवर सहाव्या पोझिशनवर येतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर जेमतेम पोचतो. क्लॅरिनेटवर वरच्या सप्तकात शिरताना, आधीच्या स्वरात जवळजवळ मोकळी असलेली बोटं एकदम भोकांवर बसावी लागतात. एक जरी हललं तरी चीत्कार निघतो. फ्रेंच हॉर्नवर बोटं बरोबर ठेवूनही शेजारचाच सूर वाजतो. रचनाकाराने हे सगळं सांभाळायलाच हवं. पण पाच स्वरांत मोठं संगीत मावत नाही हे कुणी ठरवलं? बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतली आनंदगीताची चाल एका ठिकाणी खालच्या पंचमाला स्पर्श करते, बाकी सगळी या पाच स्वरांतच फिरते. बार्टोकने 1926 ते 1939 या काळात ‘मिक्रोकॉसमॉस’चे 153 तुकडे लिहिले. त्यातले पहिले दोन भाग त्याच्या मुलासाठी, पीटरसाठी, आहेत. सुरुवातीचे तुकडे दोन्ही हात पाच-पाच पट्ट्यांवर ठेवून वाजवायचे आहेत, तरीही त्यांत बार्टोक पुरता ओळखू येतो. आपल्याकडे तर याचा पुरावा घरोघरी आहे. गाणं शिकू लागलेल्या मुलाला भूप दिला जातो. तोच भूप किशोरीताई आमोणकरांनी आयुष्यभर गायला. लहानांसाठी वेगळा, पातळ केलेला राग आपण बनवत नाही.

त्यामुळे आजच्या बँडसंगीतात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मायकेल कोलग्रास आणि जोडी ब्लॅकशॉ यांच्यासारख्यांचा रस्ता. कोलग्रासला 1978 साली पुलित्झर मिळालं होतं; शाळकरी बँडसाठी लिहायला तो उतारवयात वळला, आणि वळला तो पूर्ण गांभीर्याने. अमेरिकन कंपोजर्स फोरमने नामवंत रचनाकारांकडून मिडल स्कूलसाठी लिहवून घेतलेल्या बँडक्वेस्ट मालिकेत त्याची ‘ओल्ड चर्चेस’ आहे. मठातल्या प्रार्थनेचं वातावरण, एकाने म्हणायचं आणि इतरांनी उत्तर द्यायचं अशी रचना. तिच्यात काही ठिकाणी स्वर लिहून दिलेत, पण ते किती वेगाने घ्यायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. चाळीस-पन्नास मुलं आपापल्या गतीने तेच स्वर हलकेच पुटपुटतात आणि दगडी भिंतींवरून घुमणारा आवाज तयार होतो. यात अवघड बोटं नाहीत, अवघड लय नाही. अवघड आहे ते ऐकणं: शेजारचा काय करतोय, माझा सूर किती हलका हवा, थांबायचं कधी. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकशॉची ‘व्हर्लविंड’ त्याही पुढे जाते. तिच्यातला वाऱ्याचा आवाज मुलांनी स्वतः शोधून, जुळवून उभा करायचा असतो. नवशिकं मूल तिथे रचनेत भागीदार होतं. या दोघांच्या शेजारी मी जुन्या परंपरेतलं एरिक्सनचं 1956 चं ‘एअर फॉर बँड’, ग्रेंजरचं ‘ये बँक्स अँड ब्रेज’ आणि टिकेलीने बँडसाठी बसवलेली शेकर या ख्रिस्ती पंथाची गीतं ठेवीन. यांत दणका जवळजवळ नाहीच. लांब ओळ श्वास सांभाळून शेवटपर्यंत नेणं आहे, आणि ते उघडं पडतं म्हणूनच मुलं ते शिकतात.

चित्रपटगीतांच्या रूपांतरांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती चालीच्या ओळखीवर उभी असतात. करोनाच्या काळात वाढलेल्या, हाताशी असतील त्या वाद्यांवर बसवता येणाऱ्या फ्लेक्स आवृत्त्यांनी वाद्यं कमी पडण्याची अडचण सोडवली, संगीताची नाही. ‘जगभरचं संगीत’ या नावाखाली येणाऱ्या रचनांवर मात्र थांबायला हवं, कारण तिथे आपला थेट संबंध आहे. कोमल रिषभानंतर शुद्ध गंधार ठेवला की रचना पूर्वेकडची होते अशी समजूत आहे. त्याच सुरांवर कधी इजिप्त, कधी वाळवंट, कधी भारत असं नाव चढतं. भैरवातले रिषभ आणि धैवत आंदोलित असतात, आणि त्या डोलण्यातच भैरव आहे, हे कोणत्याही मराठी घरातल्या कानाला सांगावं लागत नाही. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातली आपली मुलं शाळेत या रचना वाजवतात आणि ‘हे तुमच्याकडचं संगीत’ असं ऐकून घरी येतात. त्यापेक्षा एखादं साधं इंग्रजी लोकगीत प्रामाणिकपणे बसवलेलं परवडलं.

शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. वर्गात क्लॅरिनेट वीस आणि बॅसून एकही नाही अशी परिस्थिती असते. मुलं गैरहजर राहतात. म्हणून सगळ्यांनी सतत वाजवायचं, एकच ओळ चार वाद्यांना द्यायची, म्हणजे बँड कोसळत नाही. पण गरज पडली तर आधाराला दुसरं वाद्य असणं वेगळं आणि कुणालाही कधीच एकटं पडू न देणं वेगळं. लहान अक्षरांत छापलेल्या पर्यायी सुरांनी पहिली गरज भागते. दुसऱ्या पद्धतीत ट्यूबा वाजवणाऱ्या मुलाला तीन वर्षं सा आणि प यापलीकडे काही मिळत नाही, आणि आपला सूर बरोबर आहे की चूक हे त्याला ऐकूच येत नाही. ‘मुलांना दणकाच आवडतो’ हा दुसरा आक्षेप तर मुलांवर अन्याय करणारा आहे. आजवर त्यांना दुसरं काय वाजवायला दिलं? स्पर्धेच्या याद्यांचं कारणही टिकत नाही. टेक्सासची यूआयएलची यादी असो वा न्यूयॉर्कची एनवायएसएसएमएची, त्यातल्या पायऱ्या रचना किती कठीण हे सांगतात. ती निवडावी का, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

खरी अडचण निवडीच्या पद्धतीत आहे. प्रकाशक नमुना म्हणून जे ध्वनिमुद्रण ऐकवतात ते व्यावसायिक वादकांचं असतं, आणि कसलेल्या वादकांच्या हातात पोकळ रचनाही भरीव वाटते. ते ऐकून खरेदी करणारा शिक्षक रचनेऐवजी त्या वादकांना निवडत असतो. ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून त्याने पूर्ण स्वरलिपी उघडावी आणि शेवटच्या क्लॅरिनेटचा, दुसऱ्या ट्रम्पेटचा, ट्यूबाचा भाग वेगवेगळा वाजवून पाहावा. त्या भागात गाता येईल अशी एकही ओळ नसेल, तर ती रचना विकत घेऊ नये, मग ती कोणत्याही यादीत असो. आणि पालकांनीही कार्यक्रमानंतर टाळ्यांवर न थांबता शिक्षकांना विचारावं की या वर्षीच्या रचना कुणी निवडल्या आणि का.