हात मानेपासून सुरू होतो

खंजिरीच्या गावात हाताच्या हलकेपणावर लिहायचं म्हणजे थोडं धाडसच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज मोझरीत आश्रम उभा केला, तेव्हापासून इथल्या माणसांचा कान थापेवर तयार झालेला. बोट कातड्यावर कुठे पडलं, किती दाबलं, कधी उचललं, हे भजनी मंडळातला पोरगाही सांगेल. म्हणून लिम्फोडिमावर, म्हणजे लसिका साचून येणाऱ्या सुजेवर, फिजिओथेरपिस्ट हातानं जे करतात त्याला दाद देणारा रसिक याच गावात सापडावा असं मला वाटतं. तीही कातड्यावरचीच कला. फरक एवढाच की इथे आवाज निघाला, तर चुकलं.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होतं, काखेतल्या ग्रंथी काढतात, वरून किरणांचा शेक देतात. बाई बरी होऊन घरी येते. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ब्लाऊजची बाही एकाच हाताला दाटायला लागते. मनगटातली बांगडी निघत नाही. ‘हात लय जड लागते मॅडम,’ एवढीच तक्रार. दुखणं असतं, नसतं. जडपणा मात्र नक्की. शरीरात रोज दोन-तीन लिटर लसिका पेशींच्या फटींतून गोळा होऊन रक्तात परत जाते. तिचा काखेतला रस्ताच तुटलेला असतो.

आता उपचाराची बैठक बघा. सुजलेला हात समोर पसरलेला, आणि थेरपिस्ट त्याला शिवतही नाही. ती जाते मानेकडे. गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत बोटं सपाट टेकवते आणि कातडी अलगद खाली, आत ताणते. नवख्याला वाटतं, हे काय चाललंय? पण सगळ्या अंगाची लसिका शेवटी इथेच, मानेच्या बुडाशी, मोठ्या शिरांना मिळते. मुक्कामाचं ठिकाण आधी मोकळं करायचं. मग चांगल्या बाजूची काख, मग छातीवरून तिकडे जाणारी वाट, सुजल्या बाजूची जांघ, खांदा, दंड, कोपर. आणि सगळ्यात शेवटी बोटं. रोगी अंगाकडे उलट्या दिशेनं येणं, हा या रचनेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. घाई करणाऱ्याला तो जमत नाही.

एकेक हातही तसाच ऐकण्यासारखा. चोळायचं नाही, सरकायचं नाही. बोटांबरोबर कातडीच हलली पाहिजे. ताणायची, क्षणभर धरायची, सोडायची. कातडीखालच्या बारीक लसिकावाहिन्यांना आजूबाजूच्या तंतूंनी धरून ठेवलेलं असतं. ताण पडला की ते तंतू वाहिनीची तोंडं उघडतात, सोडलं की मिटतात. म्हणजे अर्धं काम सोडण्यात आहे. जोर लावला तर त्या नाजूक नळ्या दबूनच जातात. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्यानं १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडली.

पण कौतुकाच्या भरात एक कबूल करायला हवं. सूज उतरवण्याचं खरं वजन पट्टीवर असतं, नुसत्या हातावर नाही. ती बांधणी बघत बसावी अशी: आधी सुती मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी गॉझची फीत, तळव्याच्या खळग्यात फोमचा तुकडा, वर कापूस, आणि मग कमी ताणाच्या पट्टीचे वेढे. ओढ सगळीकडे सारखीच. हात वर रुंद होत जातो म्हणून दाब आपोआप उतरत जातो. मेडिकलमध्ये मागितली की हातात पडते ती क्रेप पट्टी. ती निजलेल्या हाताला आवळते आणि हलत्या हाताबरोबर सैल पडते. इथे नेमकं उलटं हवं: स्नायू फुगला की पट्टीनं अडवायचं, हात निजला की गप्प राहायचं. म्हणून पट्टी बांधून मूठ उघडमीट करायची, कोपर वाकवायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे सगळं अंगावर वागवणाऱ्या बाईला माझा नमस्कार.

आणि वेचणीच्या दिवसांत तर दुहेरी फजिती. कपाशीच्या वाळल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडतात, त्या ओरखड्यातून जंतू शिरतात, हात लालभडक होतो, हुडहुडी भरून ताप चढतो. त्या दिवशी मालिश बंद, पट्टी बंद, थेट डॉक्टर. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हलक्या हाताचं मला कौतुक नाही.

विदर्भाला याच जातीची जुनी ओळख आहे ती हत्तीपायाची. तिथे मुख्य औषध साबण-पाणी: पाय रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चीर दिसली तर मलम, बसताना पाय वर. १९५५च्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय देणाऱ्या महाराजांना हा उपचार अगदी आपला वाटला असता.

महाराजांचं शेवटचं दुखणं कर्करोगाचंच. ११ ऑक्टोबर १९६८ला ते गुरुकुंजातच गेले. रोग बरा होणार नाही हे ठरल्यावर या हातानं काय करायचं, हा प्रश्न म्हणूनच या गावाला परका नाही.

माझ्या मते कलेचा कस इथे लागतो. एरवी मनगटापासून दर चार सेंटिमीटरवर हाताचा घेर मोजणारा टेप आता खिशात जातो. सूज एका कारणाची राहिलेली नसते: गाठीनं वाट दाबलेली, रक्तातलं प्रथिन उतरलेलं, अंथरुणावर हालचाल नाही. कधी ताणलेल्या कातडीतून पाणीच झिरपायला लागतं. तिथे शोषून घेणारे मऊ पॅड आणि सैलसर पट्टी, ओली झाली की बदलायची. हृदय थकलं असेल तर पाणी आत ढकलणारा दाब नकोच. रचनेतलं बरंचसं गाळलं जातं. उरतात मानेवरचे चार-दोन हात, पोटातून घेतलेला सावकाश श्वास, जो छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीला ओढ देतो, आणि हाताखाली नीट लावलेली उशी. यश कशाचं? घास स्वतःच्या हातानं तोंडापर्यंत गेला याचं. रात्री कूस बदलता आली याचं.

हे रोज करणार कोण? अमरावतीची थेरपिस्ट रोज मोझरीला येत नाही. सुनेला शिकवावं लागतं. सून मायेनं करते आणि तिथेच फसते, कारण आपल्याकडे मालिश म्हणजे तेल घेऊन रगडणं. ‘मावशींची फक्त कातडी हलू दे, मांस नको,’ हे तिला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. तेल दूर ठेवायला लावतात, हात घसरतो म्हणून. बांधल्यावर बोटांची टोकं निळी पडत नाहीत ना, मुंग्या येत नाहीत ना, हे बघायचं. आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आज राहू दे वं,’ तर त्या दिवशी पट्टी बांधायची नाही.