मुअम्मा, शब्दकोडे आणि 'मुसलमानांचा एक सण'

'मुसलमानांचा एक सण, दोन अक्षरे.' मराठी वर्तमानपत्रांतली शब्दकोडी सोडवणाऱ्यांना हा संकेत नवा नाही. ईद लिहायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. दिवाळीला मात्र 'दिव्यांचा सण' म्हणतात, 'हिंदूंचा एक सण' असे कुणी लिहीत नाही. यात दुजाभाव आहेच, पण आमची तक्रार साहित्यिकही आहे. कोडे रचणाऱ्याने डोके चालवायचे टाळले की विचाराच्या जागी जमातीचा शिक्का येतो. चंद्र, फित्रा, शिरखुर्मा, गळाभेट एवढे सारे हाताशी असताना त्याला फक्त 'मुसलमान' आठवतो.

इंग्रजीतल्या गूढ कोड्यांत हा आळस खपत नाही. तिथे संकेताचे वाक्य दिसते एक आणि सांगते दुसरेच. पण त्यालाही कायदा आहे. झिमेनेस या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात तो मांडला. उत्तराचा नेमका अर्थ, उत्तराकडे नेणारा शब्दांचा प्रामाणिक खेळ आणि याखेरीज एकही फालतू शब्द नाही. म्हणूनच तिथे उत्तराइतकीच उकलही महत्त्वाची. संकेत सच्चा होता की लबाड, हे उकल मांडल्यावरच कळते. समीक्षा तरी याहून वेगळे काय करते?

आणि ही कला आपल्याला परकी नाही. उर्दूत शब्दकोड्याला मुअम्माच म्हणतात. फारसीतला जुना मुअम्मा म्हणजे शेरात दडवलेले नाव. 'सर' म्हटले की पहिले अक्षर, 'दिल' म्हटले की मधले, 'पा' म्हटले की शेवटचे. इंग्रजी कोड्यातही शब्दाचे डोके, काळीज आणि शेपूट याच कामाला येतात. पंधराव्या शतकातल्या जामीसारख्या कवीने या विद्येवर रिसाले लिहिले. 'तारीख' काढणारे शायर अब्जदच्या हिशेबाने ओळीतून साल काढत. बेरीज कमी पडली की 'तदखिला' करून भर घालत, जास्त झाली की 'तखरिजा' करून वजा करत. ७८६ लिहिणाऱ्या घरांना अब्जदची तोंडओळख आहेच, मग त्या लिहिण्याबद्दल उलेमांचे मत काहीही असो. इकडे मराठीत कलगी-तुऱ्याच्या फडांत भेदिक लावणीतून सवाल टाकला जाई, आणि समोरच्याला तो उकलला नाही तर फडाची नाचक्की होई. वाल्याच्या 'मरा'चा 'राम' होतो, तीही अक्षरांची उलटापालटच.

मराठीत असे संकेत रचताना अडचण येते ती अक्षराची. आपल्या चौकटीत कानामात्रेसह पूर्ण अक्षर बसते, जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे इंग्रजीसारखी वर्णांची मनसोक्त फिरवाफिरव जमत नाही. पण दडवणे, जोडणे, शिर उडवणे हे सगळे जमते. 'मोगरा-जाईत लपला नरेश (२)' हा संकेत घ्या. 'मोगरा-जाईत' या अक्षरांच्या पोटात 'राजा' सरळ बसलेला आहे, आणि 'त' हा प्रत्ययही आपले काम करतो. 'प्रत्येक पोशाख म्हणजे फकीर (४)' याचे उत्तर दरवेश. प्रत्येक म्हणजे दर, पोशाख म्हणजे वेश. फारसीतून आलेला 'दर' आणि संस्कृतातला 'वेश' मिळून पुन्हा फारसी शब्द उभा राहतो! मराठी कशी घडली याचे पान दोन पाने लिहूनही इतके नेमके सांगता येणार नाही. 'शिर उडवलेल्या नमस्कारातून उरते अरबी अक्षर (२)': सलाममधून स गेला की लाम. हे देवनागरीत जसे घडते तसेच उर्दू लिपीतही घडते. आम्हाला तरी हा तिन्हींत सरस वाटतो.

इंग्रजी परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र लपवू नये. तिथल्या उस्तादांनी टोपणनावे उचलली ती स्पेनच्या धर्मन्यायासनाची. तोर्केमादा हा त्या न्यायासनाचा पहिला मुख्य. झिमेनेस म्हणजे कार्डिनल सिस्नेरोस, ज्याने १५०० च्या सुमारास ग्रानाडात अरबी ग्रंथांची होळी केली. १९७२ मध्ये आलेल्या अझेडने तर 'देझा' हे तिसऱ्या न्यायाधीशाचे नाव उलटे करून घेतले. सोडवणाऱ्याचा छळ करणारा, एवढीच त्यांची गंमत. पण मजा अशी की तोर्केमादा हे नाव लावणारे पॉविस मॅथर्स यांनीच 'अलिफ लैला' फ्रेंचवरून इंग्रजीत आणली होती. छळाची आठवण ज्यांच्या इतिहासात नाही त्यांना ही नावे खेळकर वाटतात. ग्रानाडाचे नाव ऐकून ज्यांचे मन कळवळते त्यांना ती वेगळी वाचावी लागतात. कोड्याबाहेरही अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न उरतोच.

शेवटी पुण्याजवळचा एक संकेत. 'पुणे जिल्ह्यातले एक गाव (४)' असे विचारले तर उत्तरांची जत्रा भरेल. महाळुंगे म्हणावे तर त्या नावाची गावे खेडमध्ये, आंबेगावातही आहेत. मुळशीतले महाळुंगे, जे २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, तेच हवे असेल तर असे विचारावे: 'फळे म्हणावीत तर बालेवाडीच्या शेजारी (४)'. उकल अशी: महाळुंग हे लिंबाच्या जातीचे, जाड सालीचे, सुगंधी फळ, त्याचे अनेकवचन महाळुंगे. दुसऱ्या अर्धात गाव नेमके होते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती हेच फळ आहे. आणि बुखारीतल्या हदीसमध्ये कुरआन पढणाऱ्या मोमिनाला ज्या उतरुज्जाची उपमा दिली आहे, सुवासिक आणि चवीलाही गोड, तेही हेच.