निळा रंग गेला, स्टार्च कुठे गेला?

रत्नागिरी परिसरातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत फणसाच्या आठळ्यांपासून किंवा आंब्याच्या कोयीपासून स्टार्च काढण्याचा प्रकल्प हमखास भेटतो. कल्पना चांगली आहे. कॅनिंगच्या हंगामात कोयींचे ढीग आपण सगळेच पाहतो. अलीकडे एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता आम्हाला त्याची पुढची पायरी दिसली. खळीत आयोडीन घालून निळा रंग आणला, वर ब्लीचचे द्रावण ओतले, रंग गेला. तक्त्यावर निष्कर्ष लिहिला होता: ‘स्टार्चचे ऑक्सिडीकरण झाले’. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

निळा रंग एकट्या स्टार्चचा नसतो. अमायलोजच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकते तेव्हा तो दिसतो. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आधी आयोडीनवरच तुटून पडते आणि त्याचे रंगहीन आयोडेट करते. साक्षीदारच नाहीसा झाल्यावर आरोपीबद्दल काय सांगणार?

खरी क्रिया संथ असते. कारखान्यात न शिजवलेला स्टार्च अल्कधर्मी पाण्यात ढवळत ठेवून त्यात हायपोक्लोराइट थोडे थोडे सोडतात. काही हायड्रॉक्सिल गटांचे कार्बोनिल व कार्बॉक्सिल गट होतात आणि साखळ्या मधूनमधून तुटतात. अशा स्टार्चची खळ पातळ होते व निवल्यावर सहजी थिजत नाही. म्हणून ती कागदाला आणि सुताला चालते. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले तर त्याचे शेवटी पाणीच होते, पण ते एकटे फार आळशी. त्याला लोह किंवा तांब्याच्या आयनांचा किंचित उत्प्रेरक लागतो. लोहाची ही करामत फेंटन यांनी १८९४ साली टार्टारिक आम्लावर दाखवली होती.

मग शाळेत पुरावा कशाचा मागायचा? आमच्या मते दाटपणाचा. सारख्या वजनाचा कच्चा स्टार्च दोन भांड्यांत पाण्यात कालवावा. एकात पातळ केलेले ब्लीच घालावे; दुसऱ्यात तेवढेच ब्लीच, पण छायाचित्रकारांचा हायपो मिसळून आधीच निकामी केलेले. काही तासांनी पहिल्या भांड्यातही तितकाच हायपो घालावा, मगच दोन्ही खळी शिजवाव्यात. निवल्यावर सुई नसलेल्या सिरिंजमधून गळायला कोणतीला किती सेकंद लागतात ते मोजावे. काम हवेशीर जागी, शिक्षकांच्या हातून व्हावे. ब्लीचमध्ये आम्ल मुळीच पडू देऊ नये. क्लोरीन वायू सुटतो.

तुलनेचे भांडे कुठे आहे, असे आम्ही त्या मुलांना विचारले. ती सरांकडे पाहू लागली, आणि सर तक्त्याकडे.