हायड्राइडचे पेपर वाचताना: 'स्थिर' म्हणजे कशाच्या तुलनेत?

हायड्रोजन साठवण्यासाठी मेटल हायड्राइड या विषयावर डीएफटीचे पेपर सध्या भराभर येतायत. त्यातल्या पेरोव्स्काइट हायड्राइडच्या बऱ्याच पेपरांचा साचा ठरलेला आहे: क्युबिक रचना घ्यायची, धातू बदलायचे, फॉर्मेशन एनर्जी, बँड स्ट्रक्चर, इलॅस्टिक कॉन्स्टंट, ऑप्टिकल प्रॉपर्टीज काढायच्या आणि शेवटी 'वजनाच्या इतके टक्के हायड्रोजन' असं लिहायचं. (टाकीच्या आत उजेड कुठून येणार, हे मात्र कोणी विचारत नाही!) माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. हायड्रोजन बाहेर पडल्यावर मागे काय उरतं, हा साठवणुकीचा मूळ प्रश्नच या साच्यात नसतो.

एक खरं उदाहरण बघू. सोडियम मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये दर सोडियम-मॅग्नेशियम जोडीमागे तीन हायड्रोजन असतात. सूत्रावरून आकडा येतो ६ टक्के. पण तापवल्यावर आधी सोडियम हायड्राइड, मॅग्नेशियम आणि हायड्रोजन वायू मिळतो. म्हणजे तीनपैकी दोनच अणू सुटले, हाती आले ४ टक्के. तिसरा सोडियमला धरून बसतो. शिवाय याची खरी रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक आहे, क्युबिक नाही.

आता तापमान. मॅग्नेशियम हायड्राइडमधून एक मोल हायड्रोजन काढायला साधारण ७५ किलोज्यूल लागतात. वायूची एन्ट्रॉपी सुमारे १३० ज्यूल प्रति केल्विन. भागाकार केला की ५७७ केल्विन, म्हणजे जवळपास ३०० अंश सेल्सिअस. सोपं सूत्र आहे, पण वरचा आकडा प्रत्यक्ष विघटनाच्या अभिक्रियेचा आणि प्रति मोल हायड्रोजन हवा. त्या जागी मूलद्रव्यांपासून काढलेली, प्रति फॉर्म्युला युनिट फॉर्मेशन एनर्जी टाकली तर येणाऱ्या तापमानाला काही अर्थ उरत नाही.

'फॉर्मेशन एनर्जी ऋण, म्हणून पदार्थ स्थिर' या वाक्याचंही तेच. सुट्या धातूंच्या तुलनेत स्थिर असेलही, पण शेजारच्या साध्या हायड्राइडांच्या तुलनेत? तिथे हरला तर तो प्रयोगशाळेत बनवणंच अवघड.

याचा अर्थ गणन निरुपयोगी आहे असा नाही. २००६ मध्ये अलापती, जॉन्सन आणि शोल यांनी शंभराहून अधिक अभिक्रियांच्या एन्थाल्पी डीएफटीने काढल्या आणि त्यातून आशादायक जोड्या वेगळ्या केल्या. त्यांनी सुटा पदार्थ न घेता अख्खी अभिक्रिया घेतली. प्रयोग करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. अभिक्रिया किती वेगाने होईल, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, पण निदान सुरुवात योग्य जागी होते.

विषय निवडण्याआधी पेपर हातात घेऊन एवढं तपासा:

१. विघटनाचं समीकरण लिहिलंय का?
२. स्पर्धक फेजेसशी तुलना आहे का?
३. फोनॉन काढलेत का? हायड्रोजन हलका, त्यामुळे झीरो-पॉइंट एनर्जी सोडून चालत नाही.
४. टक्केवारी नुसत्या पावडरची की अख्ख्या टाकीची? अमेरिकी ऊर्जा विभागाचं २०२५ साठीचं ५.५ टक्क्यांचं लक्ष्य अख्ख्या यंत्रणेसाठी होतं.

पीएचडीची चार-पाच वर्षं धातू बदलत साचा भरण्यात घालवायची की एका अभिक्रियेचं उत्तर शोधण्यात, हे गाइडशी बोलण्याआधी ठरवा. पेपर दोन्हीकडे निघतील. पण व्हायव्हात 'हा पदार्थ बनवता येईल का?' असं कोणी विचारलं, तर उत्तर फक्त दुसऱ्या वाटेवरच मिळेल.