वत्सगुल्माचा ताम्रपट आणि अजिंठ्याचे रोगण

काव्य, नाटक व कादंबरी ह्यांची परीक्षणे आपल्या मासिकांतून नित्य येत असतात. परंतु सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्याने प्रसिद्ध केलेला एखादा जाडजूड ग्रंथही साहित्याच्या कसोटीस लावून पाहावा, असे फारसे कोणास सुचत नाही. असा ग्रंथ कपाटात ठेवावयाचा, प्रसंगी एखादा सनावळीचा आकडा पाहावयास उघडावयाचा, आणि पुन्हा मिटावयाचा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. ही उपेक्षा योग्य नव्हे. प्राचीन अवशेषांचे जतन करण्याचे काम ज्याच्यावर सोपविलेले असते तो अधिकारी प्रत्यक्ष जागेवर काय करतो हे आपणांपैकी थोडेच पाहतात. पण तो जे लिहितो त्यात त्याची दृष्टी पूर्णपणे उमटलेली असते. आज अशा दोन ग्रंथांचा विचार करावयाचा आहे. पहिला गुलाम याझदानी ह्यांचा ‘अजिंठा’, जो १९३० ते १९५५ ह्या काळात चार भागांत निघाला. दुसरा महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी संपादिलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह, जो भारत सरकारने १९६३ साली प्रसिद्ध केला. पहिल्याचा विषय चित्रे, दुसऱ्याचा अक्षरे. दोहोंस जोडणारे गाव मात्र एकच, आणि ते म्हणजे वऱ्हाडातील वाशिम.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह लावला तो विदर्भातील ह्याच नगरात. ह्या नगरात राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी वाखाणले. पण आज ते उपलब्ध नाही. अलंकारग्रंथांतील उल्लेख व उदाहरणे एवढीच त्याची खूण उरली आहे. उलट, ह्याच सर्वसेनाच्या पुत्राने, म्हणजे दुसऱ्या विंध्यशक्तीने, आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले एक दानपत्र मात्र चार ताम्रपटांवर शाबूत राहिले. ते १९३९ साली वाशिम येथे उजेडात आले. पित्याचे काव्य गेले आणि पुत्राचा जमिनीचा कागद उरला! काळ हा रसिक नाही. काय टिकावे हे तो गुण पाहून ठरवीत नाही. तांबे टिकते, भूर्जपत्र टिकत नाही, इतकेच. म्हणूनच जतन करणाऱ्या माणसाची आवश्यकता उत्पन्न होते.

दानपत्राचा विषय साधा आहे. नांदिकट, म्हणजे आजचे नांदेड, ह्या विभागातील आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिले, एवढाच तो व्यवहार. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि देण्याघेण्याचा तपशील प्राकृतात आहे. कुलाभिमान एका भाषेत आणि व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही आपली सवय किती जुनी आहे हे पाहून कोणासही मौज वाटेल. परंतु ह्या पटांचे खरे महत्त्व निराळ्याच ठिकाणी प्रकट झाले, आणि ते ठिकाण म्हणजे वाशिमपासून दूर, अजिंठ्याच्या १६ व्या लेण्याची भिंत.

त्या भिंतीवर वाकाटक नृपती हरिषेण ह्याचा सचिव वराहदेव ह्याने आपल्या धन्याची वंशावळ कोरविलेली आहे. लेख फार झिजलेला. थोर जर्मन पंडित ब्यूलर ह्यांनी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाचनात त्यातील दोन नावे ‘रुद्रसेन’ आणि ‘पृथिवीषेण’ अशी लावली. ही नावे वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या ताम्रपटांतून ठाऊक असलेली होती; तेव्हा अंधुक अक्षरांत ओळखीचे नाव दिसावे ह्यात नवल नाही. सुमारे साठ वर्षे विद्वान लोक ह्याच वाचनावर इतिहास रचीत राहिले. पुढे वाशिमचे पट सापडले, आणि त्यांत प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ती अशी स्पष्ट परंपरा आढळली. मिराशींनी अजिंठ्याच्या लेखाकडे पुन्हा दृष्टी वळविली, आणि जेथे रुद्रसेन होता तेथे सर्वसेन, जेथे पृथिवीषेण होता तेथे विंध्यसेन, असे शुद्ध वाचन दिले. एका विस्मृत राजवंशाचे स्वतंत्र अस्तित्व असे सिद्ध झाले. विशेष हे, की हे शुद्ध वाचन १९४१ साली निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याच्या ग्रंथमालेत छापले गेले, आणि त्या समयी त्या खात्याचे प्रमुख स्वतः याझदानीच होते.

येथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ब्यूलरची चूक दुरुस्त का होऊ शकली? मिराशी अधिक विद्वान होते म्हणून नव्हे. तसे म्हणणे त्यांना स्वतःलाही रुचले नसते. ती दुरुस्त होऊ शकली, कारण ब्यूलरने चूक केली ती कागदावर. भिंतीवरील अक्षरे होती तशीच राहिली. ब्यूलरने आपल्या वाचनाप्रमाणे ती पुसट अक्षरे छिन्नीने ‘स्पष्ट’ करून ठेवली असती, तर वाशिमच्या पटांनी कितीही साक्ष दिली असती तरी ती व्यर्थ गेली असती.

आता चित्रांकडे वळू. याझदानी १९१४ साली हैदराबाद संस्थानच्या नव्या खात्याचे प्रमुख झाले तेव्हा अजिंठ्याचा गिलावा जागोजाग सुटत होता. त्यापूर्वीचा इतिहास दुर्दैवाचा होता. मेजर गिल ह्यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतेक सर्व भस्म झाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स ह्यांनी विद्यार्थ्यांकडून करविलेल्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. अशा वेळी मूळ चित्रेच वाचविली पाहिजेत असे याझदानींनी मनावर घेतले आणि इटलीहून लोरेन्झो चेकोनी व काउंट ओर्सिनी ह्या दोघां तज्ज्ञांस बोलाविले. १९२० ते १९२२ ह्या काळात त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, चित्रे साफ केली, आणि त्यांवर लाखेचे रोगण दिले. रंग तत्काळ उजळले. पुढे हेच रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि चित्रे एका मळकट पडद्याआड गेली. भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यास तो पडदा दूर करण्याचे काम दीर्घकाळ करावे लागले. १९९९ पासून मॅनेजर सिंग ह्या रसायनज्ञाने ९ व्या व १० व्या लेण्यांत हेच काम मोठ्या सावधगिरीने केले.

म्हणून याझदानींस दोष द्यावा काय? आमचे मत तसे नाही. गिलावा पडत असता हात बांधून बसणे हा काही विवेक नव्हे. इटालियन तज्ज्ञांनी तो सावरला नसता, तर आज पडदा दूर करावयास त्यामागे चित्रच उरले नसते. शिवाय त्या काळी युरोपातही चित्रांवर रोगण देणे हीच सर्वमान्य रीत होती. याझदानींचा ग्रंथही सामान्य नाही. लॉरेन्स बिन्यन ह्यांचा प्रास्ताविक निबंध, ई. एल. व्हॅसी ह्यांनी घेतलेली रंगीत छायाचित्रे, आणि जातककथांचा प्रसंगवार उलगडा ह्यांनी अजिंठा जगाच्या नजरेत आणून ठेवला. तथापि टीकाकाराच्या नात्याने एक उणीव सांगितलीच पाहिजे. त्या ग्रंथाचा सूर आत्मविश्वासाचा आहे, संशयाचा नाही. वर्णनाचा सारा भर आकृतींच्या लावण्यावर आणि भावदर्शनावर आहे. आपण पाहतो आहोत तो रंग पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा किती आणि कालच्या उपचाराचा किती, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठावा अशी त्याची मांडणी नाही. रक्षणकर्त्याच्या मनात संशय नसला म्हणजे त्याच्या हातातील कुंचला निर्भय होतो.

मिराशींचा ग्रंथ ह्याच्या अगदी उलट प्रकृतीचा. त्यात लालित्य नाही. पानेच्या पाने मूळ पाठ, भाषांतर, ठशांच्या प्रतिकृती आणि तळटिपा ह्यांनी भरलेली. पण त्या रुक्ष तळटिपांतच त्याचे मोठेपण आहे. पूर्वसूरींनी काय वाचले, आपण काय वाचतो, कोठे अक्षर गेलेले आहे आणि कोठे ते केवळ अनुमानाने भरलेले आहे, हे सारे उघड्यावर मांडलेले असते. आणि शेजारी ठसा छापलेला असतो, म्हणजे उद्याच्या वाचकास मिराशींनाही चूक ठरविता यावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढताना संशयित पाठाखाली नागमोडी रेघ मारण्याचा जो प्रघात ठेवला, त्याच शीलाचा हा नमुना होय. ग्रंथास दोषही आहेत. राजांच्या वंशावळीत रमलेल्या संपादकाचे लक्ष गावाकडे कमी जाते. वाकाटकांच्या दानपत्रांत सैनिकांनी दिलेल्या गावात शिरू नये इत्यादी ज्या सवलती लिहिलेल्या असतात, त्या उलट्या वाचल्या म्हणजे बाकीच्या गावांस काय सोसावे लागत असे ते कळते. हे उलटे वाचन ग्रंथात हवे तितके झालेले नाही. पण ठसा तेथे आहे; आपणांस ते करता येईल.

तात्पर्य, जतन म्हणजे वस्तू नवी दिसावयास लावणे नव्हे. तिला पुन्हा प्रश्न विचारता येतील अशा स्थितीत ती पुढच्या पिढीच्या हाती देणे होय. जो उपचार परत काढून घेता येतो तो जतन. जो येत नाही तो, हेतू कितीही शुद्ध असला तरी, मूळ ग्रंथात घातलेला प्रक्षेप.

हा विवेक केवळ अधिकाऱ्यांनी पाळावयाचा नाही. अजिंठ्यास पहारा आहे, कायदा आहे, १९८३ पासून जागतिक वारशाचा मानही आहे. ज्या नगरातून त्या लेण्याचा सचिव नेमला गेला ते वत्सगुल्म मात्र आजच्या नांदत्या वाशिमखाली आहे. १९९८ साली ते जिल्ह्याचे ठाणे झाले. नव्या इमारतींचे पाये खणले जातात, जुने वाडे उतरविले जातात. तेथे प्रत्येक पायाजवळ पुरातत्त्व अधिकारी उभा राहू शकत नाही. ताम्रपटही सरकारी उत्खननात सापडला नव्हता. तो गावातील एका गृहस्थाजवळ होता. त्याने तो भांडेवाल्याच्या तराजूत न घालता अभ्यासकांच्या हाती दिला, म्हणून सर्वसेनाचे नाव भिंतीवर पुन्हा वाचता आले. आपल्या घरच्या ट्रंकेतील जुने कागद, देव्हाऱ्यातील झिजलेली मूर्ती, परसातील अक्षरे असलेला धोंडा, ह्यांवर तेल, शेंदूर किंवा रंगाचा हात फिरविण्यापूर्वी ही गोष्ट आठवली, तर ह्या दोन ग्रंथांचे वाचन सार्थकी लागले असे होईल.