टेबलामागे कोण बसलं होतं?

नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) या कादंबरीने जगाला 'मेटाव्हर्स' हा शब्द दिला. संगणकाच्या पडद्यावरच्या बाहुल्याला आपला 'अवतार' हा शब्द चिकटवण्यातही तिचा मोठा वाटा आहे. मेटाव्हर्सची चर्चा निघाली की तिचं नाव निघतंच. तिच्यातलं एक पात्र मात्र फारसं कोणी आठवत नाही. ते पात्र म्हणजे ग्रंथपाल.

नायकाला (त्याचं नावच हिरो प्रोटॅगनिस्ट आहे) सुमेरियन पुराणकथांविषयी काही विचारायचं असलं, की एक सौम्य, दाढीवाला, पन्नाशीचा गृहस्थ समोर हजर होतो. प्रश्न विचारा, उत्तर तयार. तो थकत नाही, वैतागत नाही. उपमा-रूपकं आली की मात्र अडखळतो, कारण तो माणूस नाही, प्रोग्राम आहे. त्याच्या मागचा माहितीचा साठा 'सीआयसी' नावाच्या कंपनीचा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि सीआयए एकत्र होऊन ही कंपनी जन्मली, असं कादंबरी सांगते. म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय संपलेलं आहे, माहिती विकली जाते आहे आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत सॉफ्टवेअर बसलेलं आहे. मेटाव्हर्सचा पहिला नकाशा काढतानाच त्यातून हाडामांसाचा ग्रंथपाल वगळला गेला होता.

म्हणूनच २००६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून जे सुरू झालं, ते मला मजेशीर आणि महत्त्वाचं वाटतं. तिथले ग्रंथपाल स्वतःच आभासी जगात जाऊन टेबल मांडून बसले.

त्या जगाचं नाव सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने ते २००३ साली खुलं केलं. याला गेम म्हणणं कठीण आहे, कारण इथे जिंकायला काहीच नाही. तुम्ही अवतार घेता, चालता, उडता, बोलता. घन, गोल, दंडगोल असे साधे आकार जोडून घरं, खुर्च्या, जहाजं बनवता आणि विकताही. जमीन कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती भाड्याने मिळते. २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक 'रीजन'. समुद्रात सुटा असला तर त्याला बेट म्हणायचं.

इलिनॉयमधल्या ग्रंथालयांना सेवा पुरवणारी अलायन्स लायब्ररी सिस्टिम आणि ग्रंथालयांसाठी ऑनलाइन कार्यक्रम करणारी 'ओपल' ही संस्था, अशा दोघींनी मिळून तिथे 'सेकंड लाइफ लायब्ररी २.०' सुरू केली. ऑक्टोबर २००६मध्ये 'इन्फो आयलंड'चं रीतसर उद्घाटन झालं. पुढे शेजारी बेटं वाढत गेली. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या मदतीने आरोग्यविषयक माहितीचं 'हेल्थइन्फो आयलंड' आलं. किशोरवयीन मुलांसाठीच्या वेगळ्या सेकंड लाइफमध्ये शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सहभागाने 'आयफॉरयू अलायन्स' बेट उभं राहिलं. 'कॅलेडन' नावाच्या व्हिक्टोरियन थाटाच्या देशात एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांची शाखा निघाली. वेगवेगळ्या देशांतले ग्रंथपाल आपली नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री तिथे पाळी करायचे, बहुतेक जण फुकट.

या प्रयोगाविषयीचं प्रचलित मत एका वाक्याचं आहे: फॅड होतं, आलं आणि गेलं. हे मत मला आळशी वाटतं. फॅड म्हणून गेलेल्या गोष्टीतही काही भाग चांगले जमलेले असतात आणि काही मुळातच फसलेले असतात. ते वेगळे काढल्याशिवाय समीक्षा होत नाही.

आधी फसलेलं बघू. इमारती फसल्या. ज्या जगात प्रत्येकाला उडता येतं, तिथे जिने कशाला? पाऊस पडत नाही, तर छप्पर कशाला? तरीही ग्रंथालयाला खांब आले, दारं आली, वाचनकक्ष आले आणि कपाटांत पुस्तकांच्या पाठींची चित्रं आली. ती कपाटं भिंतीवरच्या वॉलपेपरइतकीच वाचनीय होती. जे पुस्तक खरंच 'उघडायचं', ते म्हणजे एक आकार आणि त्यात ठेवलेली छोटी स्क्रिप्ट. सेकंड लाइफची स्वतःची प्रोग्रामिंग भाषा आहे, लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेज. त्या भाषेत 'स्पर्श झाला की समोरच्याला हे नोटकार्ड द्या' एवढं लिहायला चार-पाच ओळी पुरतात. नोटकार्ड म्हणजे साध्या मजकुराचा तुकडा. नाहीतर स्पर्श केल्यावर वेबपेजची लिंक मिळायची. म्हणजे चांगला ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घ्यायचा, भरपूर बँडविड्थ खर्चायची, अवतार नेसवून-सजवून कपाटापर्यंत न्यायचा, आणि शेवटी ब्राउझरमध्येच वाचायचं. ब्राउझर तर घरीच होता.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. या नियमावर इन्फो आयलंडच्या इमारती साफ नापास होतात.

पण रंगनाथनांचा भर फक्त कपाटांवर नव्हता. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देणारा माणूस त्यांच्या विचारात मध्यभागी आहे. संदर्भसेवा म्हणजे काय? समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्याच्याशी बोलून काढणं. माणूस पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न बहुतेक वेळा खरा प्रश्न नसतो. 'मधुमेहावर काही आहे का?' असं विचारणाऱ्याला शाळेचा प्रकल्प करायचा असतो, किंवा काल आईचा रिपोर्ट आलेला असतो. दोघांना द्यायची माहिती वेगळी आणि बोलण्याचा सूरही वेगळा.

या निकषावर इन्फो आयलंडचं टेबल पास होतं. तिथे ठरलेल्या वेळेला जिवंत माणूस असायचा. त्याच्या अवताराला पंख असतील, शेपूट असेल, पण टाइप करणारा प्रशिक्षित ग्रंथपाल होता. हेल्थइन्फो आयलंडवर तर अवताराचा आडोसा उपयोगी पडणारा होता. गावातल्या ग्रंथालयात ओळखीच्या माणसासमोर जो आजार उच्चारायची लाज वाटते, तो खोट्या नावाआडून विचारता येतो. ग्रंथपाल निदान करत नाही. तो विश्वासाची माहिती कुठे आहे ते दाखवतो आणि डॉक्टरकडे जाण्याआधी काय विचारायचं, याची तयारी करून देतो.

टेबलावर येणारे पुष्कळसे प्रश्न पुस्तकांविषयीचे नसायचे. कपडे कसे बदलायचे, उडायचं कसं, अमुक बेटावर जायचं कसं, असं लोक विचारायचे. टीकाकारांना यात पराभव दिसला. मला उलट वाटतं. नव्या शहरात उतरलेला माणूस आधी बसस्टॉप विचारतो, मग कविता. ज्या जगात पैसे मागितल्याशिवाय किंवा टिंगल केल्याशिवाय उत्तर देणारा कोणी सापडेलच याची खात्री नव्हती, तिथे 'इथे विचारा' असं म्हणणारी एक जागा असणं हेच ग्रंथालय होतं. पुस्तकं त्या जागेचा एक भाग होती.

मग हे गेलं कुठे? एक कारण वाचकांच्या हातात आलं. सप्टेंबर २००६मध्ये, इन्फो आयलंडच्या उद्घाटनाच्या थोडंच आधी, फेसबुक तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुलं झालं. २००७ साली आयफोन आला. लोकांचं 'ऑनलाइन जगणं' सपाट, छोट्या आणि खिशात मावणाऱ्या पडद्यावर गेलं, आणि सेकंड लाइफला हवा होता टेबलावरचा दणकट संगणक.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे: पायाखालची जमीन. मोठ्या बेटाचं भाडं महिन्याला २९५ डॉलर होतं. शिक्षणसंस्था आणि ना-नफा संस्थांना ते निम्म्या दरात मिळायचं. ऑक्टोबर २०१०मध्ये लिंडेन लॅबने जाहीर केलं की जानेवारी २०११पासून ही सवलत बंद. किशोरांसाठीचं वेगळं जगही त्याच सुमारास बंद झालं. २०११ साली इलिनॉयमधल्या ग्रंथालय यंत्रणांचं विलीनीकरण झालं आणि अलायन्सचं स्वतंत्र अस्तित्वही संपलं. पुढे २०१३ साली सवलत परत आली, तोवर अनेक संस्थांनी गाशा गुंडाळलेला होता.

गाशा गुंडाळणंही सोपं नव्हतं. सेकंड लाइफमध्ये प्रत्येक वस्तूला परवानग्या असतात: नक्कल करता येईल का, बदलता येईल का, दुसऱ्याला देता येईल का. एका खोलीत दहा जणांनी बनवलेल्या वस्तू असतील, तर ती खोली बाहेर नेण्यासाठी दहाही जणांची संमती हवी, आणि त्यांतले बरेच जण फक्त टोपणनावाने माहीत असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मदतीने अमेरिकी विद्यापीठांनी आभासी जगं जतन करण्याचा प्रकल्प केला, तेव्हा त्यांनाही हक्कांचा हा गुंता सुटता सुटला नाही. जतन करणं ज्यांचा धर्म, त्या ग्रंथपालांनी आपलं काम अशा जागी उभारलं होतं, जिथून ते उचलून नेता येत नव्हतं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार ही आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोणालाही 'आपण वापरत असलेली सेवा अमुक तारखेला बंद होत आहे' अशी मेल ओळखीची असते. ग्रंथालयाने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: अशी मेल आली तर आपल्याकडे काय उरेल?

याचं एक उत्तर २०२० साली दिसलं. १२ मार्चला 'रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने माइनक्राफ्टमध्ये 'अनसेन्सर्ड लायब्ररी' खुली केली. सुमारे १ कोटी २५ लाख ठोकळ्यांची ती भव्य इमारत आहे, आणि आत इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम अशा देशांतल्या दडपलेल्या पत्रकारितेचे लेख आहेत. वेबसाइट अडवली जाते, पण माइनक्राफ्ट चालू असतं, ही त्यामागची कल्पना. महत्त्वाचं म्हणजे तिचा पूर्ण नकाशा डाउनलोड करून घेता येतो. प्रती जगभर पसरल्या की एक सर्व्हर बंद पडून काही बिघडत नाही. इन्फो आयलंडचा जमिनीचा प्रश्न इथे सुटला.

टेबल मात्र रिकामं राहिलं. डाउनलोड केलेल्या प्रतीत उभा राहिलेला पंधरा वर्षांचा मुलगा खांब बघतो, घुमट बघतो, एखादं पुस्तक उघडतो. हा लेख का दडपला गेला, पुढे काय वाचू, हे त्याला पडलेले प्रश्न विचारायला तिथे कोणी नाही. तो प्रकल्प लोकांचं लक्ष वेधणारं उत्तम स्मारक आहे. ग्रंथालय म्हणून तो अर्धा आहे.

आणि आता आपल्या फोनमध्ये स्टीफन्सनचा ग्रंथपाल येऊन बसला आहे. चॅटबॉट थकत नाही, वैतागत नाही, आणि तोही कंपनीच्या मालकीचा आहे. विचारलेल्याचं उत्तर तो झटकन देतो. आपल्याकडे 'डिजिटल ग्रंथालय' म्हटलं की बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफची यादी समोर येते, आणि आता त्या यादीवर चॅटबॉट बसवला की काम झालं, असं सहज वाटेल. तसं वाटण्याआधी इन्फो आयलंडचा हिशेब बघावा. तिथे सर्वांत जास्त मेहनत ज्यावर गेली, त्या इमारती सर्वांत कमी उपयोगाच्या ठरल्या. खरी कमाई होती ती पाळीवर बसलेल्या माणसांची. त्या माणसांचा तो समूह 'कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररी' या नावाने सेकंड लाइफमध्ये अजून काम करतो आहे.

त्यामुळे उद्या आपल्या भाषेत एखाद्या नव्या आभासी ग्रंथालयाची घोषणा झाली, तर व्हिडिओतल्या घुमटाकडे बघून मला काही ठरवता येणार नाही. मी तीन गोष्टी विचारेन. टेबलावर कोण बसणार, आणि किती ते किती? त्याला पगार कोण देणार? आणि कंपनीने दुकान बंद केलं, तर पुस्तकं घेऊन आपण कुठल्या दाराने बाहेर पडणार?